पेन्सिलीवरचा भीम आणि भांड्यावरचं नाव

कर्जवाटप, शेळीपालन, मसाल्याची कांडप हे विषय आज बाजूला ठेवू. आज बोलायचं आहे मुलांच्या दप्तरातल्या पेन-पेन्सिलींबद्दल.

पेन-पेन्सिल म्हणजे मागचं बटण दाबलं की पुढून बारीक लेड बाहेर येते, ती. तिच्यावर छोटा भीम असतो, मोटू-पतलू असतात, डोरेमॉन, शिनचॅन असतो. जूनमध्ये शाळा उघडल्या की नारायणगाव, मंचर, घोडेगाव, ओतूर, कुठल्याही पेठेतल्या स्टेशनरीच्या दुकानात या पेन्सिली अगदी पुढ्यातच मांडलेल्या दिसतात. साधी दहा-वीस रुपयांना येते. पण पाकिटावर ‘लिमिटेड एडिशन’ असं छापलेलं असलं, की तिचे शंभर-दीडशे मागतात. आणि मुलांचं एकीवर भागत नाही. त्यांना अख्खा संच हवा असतो.

हा विषय गटाच्या बैठकीत कसा आला, ते सांगतो. एका गटातल्या ताईंची शंभर रुपयांची मासिक बचत लागोपाठ दोन महिने आली नाही. या ताई कधी चुकणाऱ्या नव्हेत. अध्यक्षांनी विचारलं तर आधी गप्प बसल्या. मग म्हणाल्या, “पोरीला पेन्सिल घेतली. वर्गात दोन गट पडल्यात. ज्यांच्याकडं लिमिटेड हाय ते, आन् बाकीचे. पोरगी एकटी पडती. मला बघवंना.”

बैठकीत कुणी हसलं नाही. उलट दुसरी ताई बोलती झाली. तिच्या मुलानं पाचवीच्या शिष्यवृत्तीचं गाईड देऊन डोरेमॉनची पेन्सिल बदलून आणली होती. तिसरी म्हणाली, “चुलीत घाला त्या पेन्सिली.” आम्ही म्हटलं, थांबा. चुलीत घातल्यानं पेन्सिल जाईल, पोरीचं एकटेपण कुठं जाणार?

मैत्रिणींनो, जमवण्याची हौस आपल्याला काही नवी नाही. आपल्या घरातली भांड्यांची मांडणी आठवा. लग्नात आलेला हंडा, बारशाची वाटी, मामानं दिलेलं ताट. त्या प्रत्येकावर आपण नाव घालून घेतो. कुणी दिलं, कुणाला दिलं, कोणत्या तारखेला. दुकानात तसलं ताट शेकड्यानं मिळेल, पण मामाच्या नावाचं एकच. आपल्या घरापुरतं तेच खरं ‘लिमिटेड’, आणि ते कुठल्या कंपनीनं छापून दिलेलं नाही.

पुण्यात राजा दिनकर केळकर संग्रहालय आहे. शहरात गेलात तर मुलांना आवर्जून दाखवा. दिनकर केळकरांनी गावोगाव फिरून घरातल्या रोजच्या वस्तू जमवल्या. अडकित्ते, दिवे, वज्री, स्वयंपाकाची भांडी. लहानपणीच गेलेल्या आपल्या मुलाचं, राजाचं, नाव त्यांनी त्या संग्रहाला दिलं. अडकित्ता घरोघर होता, पण त्यांनी तो पारखून घेतला, नीट जपला, म्हणून आज आपण तो पाहू शकतो. आपल्या जुन्नरचा कागदही असाच. ‘जुन्नरी कागद’ म्हणून तो ओळखला जाई आणि जुन्या मराठी दफ्तरांत वापरला जाई. लिहिण्याची साधी वस्तू, पण जपून राहिली म्हणून तिची किंमत आज कळते.

आता या पेन्सिलीची गोष्ट ऐका. ती मुलांना फार आवडली. जपानमध्ये तोकुजी हायाकावा नावाचे एक कारागीर होते. धातूकामाच्या कारखान्यात उमेदवारी करून शिकलेले. १९१५ साली त्यांनी धातूची, लेड पुढे सरकवणारी पेन्सिल बनवली. तिचं टोक कधी करावं लागत नाही, म्हणून तिच्या नावात ‘शार्प’ हा शब्द आला. १९२३ च्या मोठ्या भूकंपात त्यांचा कारखाना गेला, बायको आणि मुलं गेली. ते ओसाका शहरात गेले, पुन्हा उभे राहिले आणि १९२५ साली त्यांनी रेडिओ बनवला. पुढे टीव्ही आणि कॅल्क्युलेटरमुळे नावारूपाला आलेली शार्प कंपनी ती हीच, तिचं नाव पेन्सिलीवरून पडलं. म्हणजे पेन्सिलीचा आणि रेडिओचा असा जुना संबंध आहे.

जपानमध्येच मित्सुबिशी पेन्सिल कंपनीनं २००८ साली ‘कुरु टोगा’ नावाची पेन-पेन्सिल आणली. लिहिताना टोक कागदावर टेकलं की आतली लेड दरवेळी थोडीशी फिरते, त्यामुळे ती एका बाजूनं झिजत नाही. या पेन्सिलीच्याही कार्टूनच्या खास आवृत्त्या निघतात आणि लोक त्या जमवतात. पण तिथं चित्राच्या आत एक कसब आहे. आपल्या मुलांनाही हेच विचारायला शिकवायचं: चित्र छान आहे, पण आत काय आहे?

मग ‘लिमिटेड’ म्हणजे काय? मोजक्याच बनवलेल्या किंवा थोडेच दिवस विकलेल्या. आम्ही मुलांनी आणलेली पाकिटं उलटून पाहिली. किती बनवल्या, कोणत्या वर्षी बनवल्या, हे त्यांतल्या एकावरही नव्हतं. नुसता सोनेरी शब्द होता. काहींवर तर बनवणाऱ्याचं नावसुद्धा नव्हतं. कार्टूनचं चित्र हे कुणाच्या तरी मालकीचं असतं. छोटा भीम हैदराबादच्या ग्रीन गोल्ड कंपनीचा आहे. पेन्सिल बनवणाऱ्यानं ते चित्र वापरायला परवानगी घ्यायची आणि पैसे द्यायचे असतात. नकली मालात ते काहीच नसतं, तरी किंमत अस्सलची लावतात. बंद पाकिटावर बनवणाऱ्याचं किंवा आयात करणाऱ्याचं नाव-पत्ता, महिना-वर्ष आणि सर्व करांसह कमाल किंमत छापलेली असली पाहिजे, असा नियम आहे. पाकीट उलटून बघणं हा ग्राहक म्हणून आपला हक्क आहे, आणि मुलीला तो दहाव्या वर्षी कळला तर आयुष्यभर उपयोगी पडेल.

त्या गटानं मग पुढच्या बैठकीला मुलांनाही बोलावलं. सतरंजीवर सगळ्यांनी आपापल्या पेन्सिली मांडल्या. निम्म्याहून जास्त बंद होत्या. लेड अडकलेली, म्हणून टाकून दिलेल्या आणि त्यावर नवी घेतलेली. एका ताईनं शिवणाची सुई काढली. मागचं बटण आणि खोडरबर काढायचं, पुढचं टोक फिरवून सोडवायचं, मागची नळी दाबून धरायची आणि अडकलेला तुकडा सुईनं हळूच ढकलायचा. ०.५ च्या पेन्सिलीत ०.७ ची लेड घालायची नाही. आत दोन-तीनच कांड्या ठेवायच्या, जास्त भरल्या की अडकतात. तासाभरात बऱ्याच पेन्सिली चालू झाल्या. आणि आतलं यंत्र उघडून पाहिल्यावर मुलांनाच कळलं, की त्यांतल्या दहा रुपयांच्या आणि दीडशेच्या पेन्सिलीत तीच नळी आणि तीच स्प्रिंग होती. ‘लिमिटेड’वाल्यांचा तोरा तिथंच उतरला. ज्या मुलीच्या आईनं सुई चालवली, ती मुलगी आता वर्गाची पेन्सिल दुरुस्त करणारी झाली आहे. मधल्या सुट्टीत तिच्याभोवती घोळका असतो.

गटाची पंचसूत्री आपल्याला पाठ आहे. नियमित बैठक, बचत, अंतर्गत कर्ज, परतफेड आणि हिशोब. त्याच धर्तीवर मुलांनी आणि आयांनी मिळून पाच गोष्टी ठरवल्या.

पहिली. पेन्सिलीचे पैसे मुलाच्या खाऊच्या डब्यातून. गटाची बचत आणि हप्ता यांना हात लावायचा नाही.

दुसरी. प्रत्येकाची एक वही. पेन्सिलीवर कोण आहे, कुठून आली, कुणी दिली, केवढ्याला, कोणत्या तारखेला. जसं आपण भांड्यावर नाव घालतो, तसंच.

तिसरी. अदलाबदल पेन्सिलीला पेन्सिल. वही, गाईड, डबा यातलं काही द्यायचं नाही, आणि दोन्ही घरी सांगून.

चौथी. जमवलेली पेन्सिल उन्हात ठेवायची नाही, रंग उडतो. खोडरबर वेगळं ठेवायचं, ते प्लास्टिकला चिकटून खड्डा पाडतं. कंपासपेटीत आपण सगळ्यांनीच हे पाहिलंय.

पाचवी. ज्याच्याकडे लिहायला पेन्सिल नाही, त्याला आपल्या संग्रहातली एक चालू पेन्सिल द्यायची. संग्रह कितीही मोठा असो, वर्गात कुणी हात बांधून बसता कामा नये.

त्या ताईंनी राहिलेली बचत दोन टप्प्यांत भरली. गटानं दंड लावावा का, यावर चर्चा झाली. नियम नियम असतो, म्हणून दंड लागला, तोही त्यांनी भरला. पण पुढच्या वेळी अडचण आली तर आधी बैठकीत सांगायचं, असं सगळ्यांनीच ठरवलं. लेकराचं मन मोडू नये म्हणून आई मुकाट्यानं काय काय करते, ते आपल्याला एकमेकींना सांगता आलं पाहिजे. गट त्यासाठीच तर आहे.

तेव्हा मैत्रिणींनो, मुलगी पेन्सिल मागेल तेव्हा लगेच हो म्हणू नका आणि लगेच ओरडूही नका. तिला म्हणा, आधी तुझा डबा दाखव. त्यातल्या चालू किती, बंद किती, ते दोघी मिळून मोजा. बंद असतील त्या सुई घेऊन उघडा. मग वहीत लिहा. त्यानंतरही तिला नवी हवी असेल, तर पैसे साठवून घेऊ द्या. ती तिची पहिली बचत असेल.

पुढच्या बैठकीला मुलांना घेऊन या, आणि एक बारीक सुईही आणा.