पिशवीच्या तोंडावरचा पहारा
(महिला आरोग्य कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेले भाषण)



गर्भाशयमुखाच्या कॅन्सरबद्दल वस्तीत बोलायला लागले की दोन वाक्ये हमखास ऐकू येतात. एक, 'तिचेच काहीतरी वाकडे पाऊल पडले असणार.' दुसरे, 'पांढरे जाते ना? मग पिशवी काढून टाका, नाहीतर कॅन्सर होईल.' पहिले वाक्य शेजारीपाजारी बोलतात, दुसरे कधीकधी डॉक्टरही. ही दोन्ही खोडून काढायची तर आपल्या शरीरात काय चालते हे आपल्याला माहीत हवे. म्हणून आज थोडे विज्ञान.

हा कॅन्सर जवळजवळ नेहमीच ह्यूमन पॅपिलोमा व्हायरस, म्हणजे एचपीव्ही या विषाणूमुळे होतो. हे दाखवून देणाऱ्या हाराल्ड त्सूर हाउझेन या जर्मन शास्त्रज्ञाला २००८ साली नोबेल पारितोषिक मिळाले. शरीरसंबंध आलेल्या बहुतेक स्त्री-पुरुषांना ही लागण कधी ना कधी होतेच. जन्मभर एकाच नवऱ्याशी संसार केलेल्या बाईलाही होते. विषाणू नवरा घेऊन येतो आणि नाव बाईचे खराब होते!

पण लागण म्हणजे कॅन्सर नव्हे. बहुसंख्य जणींच्या शरीरातून हा विषाणू एकदोन वर्षांत निघून जातो. त्याला घालवते आपलीच प्रतिकारशक्ती. गर्भाशयमुखाच्या अस्तरात पहारेकरी पेशी असतात. त्या विषाणूचा तुकडा उचलून 'टी' पेशींना ओळख पटवून देतात. शिवाय प्रत्येक पेशी आपल्या आत काय शिजते आहे त्याचा नमुना एचएलए नावाच्या रेणूंवर बाहेर मांडून ठेवते. दाराबाहेरच्या पाटीसारखे. पाटीवर विषाणू दिसला की 'टी' पेशी ती पेशी नष्ट करते. इंटरफेरॉन नावाचे रेणू आजूबाजूच्या पेशींना सावध करतात.

विषाणूही लबाड असतो. तो रक्तात उतरत नाही, पेशी फोडत नाही. त्यामुळे ताप नाही, दुखणे नाही, बोंबाबोंब नाही. त्याची प्रथिने इंटरफेरॉनची खबर दाबतात आणि एचएलएची पाटी उतरवतात. ई६ आणि ई७ ही त्याची दोन प्रथिने पेशींच्या वाढीला लगाम घालणारी आपली प्रथिने निकामी करतात. असा विषाणू वर्षानुवर्षे ठाण मांडून बसला तर पेशी बिघडत जातात. पुढे कॅन्सरच्या पेशी पीडी-एल१ नावाचा रेणू पुढे करून 'टी' पेशींना जागीच थोपवतात. हा अडथळा दूर करणारी औषधे आता निघाली आहेत, पण त्यांची किंमत कष्टकरी बाईच्या आवाक्याबाहेर आहे.

लागणीपासून कॅन्सरपर्यंत साधारण १५ ते २० वर्षे जातात. एचआयव्ही असलेल्या बाईचा पहारा कमजोर झालेला असतो, म्हणून तिला धोका सुमारे सहापट असतो आणि हा काळही कमी होऊ शकतो. तिची तपासणी लवकर आणि वरचेवर व्हायला हवी.

ही १५-२० वर्षे आपल्या हातात आहेत. उस्मानाबाद जिल्ह्यात १९९९ पासून सुमारे १,३१,००० स्त्रियांचा अभ्यास झाला. एकदाच केलेल्या एचपीव्ही तपासणीने आणि उपचाराने आठ वर्षांत या रोगाचे मृत्यू जवळजवळ निम्मे झाले. मुंबईच्या वस्त्यांमध्ये टाटा हॉस्पिटलने प्रशिक्षित आरोग्यसेविकांकडून व्हिनेगरसारखे पातळ ॲसिड लावून तपासणी केली. त्याने मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. या दोन्ही अभ्यासांत तुलनेसाठी हजारो स्त्रियांना तपासणीविना ठेवले गेले, यावर नंतर कडक टीका झाली. त्या बायकांनी मोजलेली किंमत आपण विसरायची नाही. आणि त्यातून मिळालेले ज्ञान आजही पोचलेले नाही: २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत ३० ते ४९ वयाच्या १.९ टक्के स्त्रियांचीच ही तपासणी कधीतरी झालेली होती.

तपासणी नाही, पण शस्त्रक्रिया मात्र होते. २०१९ साली शासनाच्या समितीसाठी बीड जिल्ह्यात ८२,००० हून जास्त ऊसतोड बायकांची पाहणी झाली. त्यांतल्या १३,००० हून जास्त जणींची पिशवी काढलेली होती. कित्येकींना कॅन्सरचीच भीती घातली गेली होती. पांढरे जाणे हे बहुतेक वेळा साध्या, औषधाने बऱ्या होणाऱ्या जंतुसंसर्गाचे लक्षण असते. संबंधानंतर किंवा पाळी गेल्यावर रक्त गेले तर मात्र लगेच तपासून घ्यायचे.

लसीबद्दलही विचारले जाते. लस प्रतिपिंडे तयार करते, म्हणजे विषाणूला दारातच अडवणारे रेणू. म्हणून ती लागण होण्याआधी, लहान वयात द्यायची. झालेली लागण ती बरी करत नाही, आणि लस घेतली तरी पुढे तपासणी चुकत नाही. लस उपयोगी आहे. पण २००९ साली खम्मम आणि वडोदरा इथल्या प्रकल्पात वसतिगृहातल्या मुलींच्या संमतीपत्रांवर वॉर्डननी सह्या केल्या होत्या. स्त्री संघटनांनी आवाज उठवला आणि २०१० साली तो थांबला. लस हवी, पण मुलीला आणि तिच्या आईला समजावून सांगून.

तेव्हा आपल्या मागण्या स्पष्ट आहेत. प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात तिशीनंतर मोफत तपासणी, आडोसा आणि स्त्री कर्मचारी असलेली. दोष निघाला तर तिथेच किंवा जवळ उपचार. पिशवी काढण्याआधी लेखी कारण आणि दुसऱ्या डॉक्टरचे मत.

आपले शरीर विषाणूशी लढतेच आहे. उरलेली लढाई आपल्याला मिळून लढायची आहे.