कॅम्परव्हॅनचा मुक्काम बऱ्हाणपुरात

घरच गाडीत घेऊन, म्हणजे कॅम्परव्हॅनने, बऱ्हाणपूरला निघालात? मग मुक्कामाची काही पथ्ये ऐका.

पहिले पथ्य पाण्याचे. इथला कुंडी भंडारा ही १६१५च्या सुमाराची भूमिगत पाणीव्यवस्था. सातपुड्यातून झिरपणारे पाणी जमिनीखालच्या बोगद्यातून एका कुंडीकडून दुसऱ्या कुंडीकडे वाहते. एका ठिकाणी साबणाचे पाणी मुरले, तर ते पुढच्या कुंड्यांपर्यंत पोहोचू शकते. तेव्हा कुंड्यांजवळ भांडी, कपडे, गाडी धुऊ नका. गाडीतल्या शौचालयाची टाकी शेतात किंवा तापीच्या घाटावर नव्हे, मैलापाण्याची सोय असेल तिथेच रिकामी करा.

दुसरे, जागेचे. केळीच्या बागेलगत थांबायचे तर आधी मालकाला विचारा. ट्रॅक्टरची वाट अडवू नका. जवळचा असीरगड किल्ला संरक्षित स्मारक आहे. तिथे चूल पेटवू नका.

तिसरे, शेजाऱ्यांचे. रात्री जनरेटर आणि गाणी बंद ठेवा, दिव्यांचा झोत दुसऱ्यांच्या गाडीवर पाडू नका.

आणि निघताना कचरा पिशवीत भरून सोबत न्या. तुमच्यामागून येणाऱ्यालाही तीच जागा तितकीच स्वच्छ मिळायला हवी. शुभ प्रवास!