बाईची वारी

(दिंडीच्या शताब्दी सप्ताहात मारुतीच्या देवळापुढच्या मांडवात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मांडवात बसलेल्या सगळ्या वारकरी मंडळींना, विणेकरी बुवांना, पखवाजी-टाळकऱ्यांना आणि मागं चुलाणापाशी हातातलं काम न सोडता ऐकणाऱ्या आया-बहिणींना आम्हा घरच्यांचा दंडवत.

दिंडीच्या कारभारी मंडळींनी निरोप दिला की तुमच्या आईबद्दल दहा मिनिटं बोला, ते शताब्दीच्या पुस्तकात घेऊ. आम्ही काही बोलणारी माणसं नाही. आम्ही पाच भावंडं आणि आमची पोरं-सुना दोन रात्री वट्यावर बसलो, ज्याला जे आठवलं ते त्यानं सांगितलं, आणि ते उतरवून काढलं. वाचतोय एकजण, पण बोलणं सगळ्यांचं आहे. आमच्यातल्या काहींची ती आई, काहींची आजी. पण आम्ही सगळेच तिला बाई म्हणायचो, आणि दिंडीतही ती बाईच होती. म्हणून इथंही बाईच म्हणतो.

बाईला स्वतःची जन्मतारीख ठाऊक नव्हती. विचारलं की म्हणायची, "गांधी गेले तवा मी भाकरी थापायला लागले हुते." म्हणजे 1948 साली ती दहा-बारा वर्षांची असावी. लग्न होऊन या गावात आली ती माळकऱ्याच्या घरात. सासऱ्यांची वारी, मग आमच्या तात्यांची वारी. तात्यांचा पखवाज तुमच्यातल्या साठीच्या पुढच्या माणसांनी ऐकला असेल. त्यांच्याबद्दल या पुस्तकात दुसऱ्या कुणीतरी लिहिलेलंच आहे.

आता आपल्या माणदेशाकडची गोष्ट अशी, की ज्येष्ठ वद्य अष्टमीला आळंदीहून माउलींचं प्रस्थान, आणि मृग वेळेवर बरसला तर त्याच दिवसांत बाजरीची पेरणी. दोन्ही एकमेकांच्या अंगावर यायचं. ज्या वर्षी आषाढाच्या आधी अधिक महिना पडे, त्या वर्षी वारी पुढं जायची आणि पेरणी आटपलेली असायची. बाई पंचांग वाचत नव्हती, पण अधिक मास कधी आहे हे गुरवाकडून पाडव्यालाच विचारून ठेवायची. एरवी तात्या खांद्याला पखवाज लावून निघाले, की मागं पाभर धरायची बाईनं. चाड्यावर मूठ आमच्या थोरल्या बहिणीची. ती आठ वर्षांची असल्यापासून. तिला आम्ही अक्का म्हणतो.

लग्नानंतरची पंचवीसेक वर्षं बाई एकदाही वारीला गेली नाही. प्रस्थानाच्या आदल्या दिवशी पीठ दळून द्यायचं, चटणी कुटून द्यायची, वेशीपर्यंत जायचं, पाया पडायचं आणि माघारी येऊन बैल सोडायचे. आमच्या दिंडीच्या जुन्या वह्या आता कपाटात लावून ठेवल्यात. पहिल्या दोन मोडीतल्या आहेत, त्या आम्हाला वाचता आल्या नाहीत. पुढच्या देवनागरीतल्या आम्ही पान न पान चाळल्या. तात्यांचं नाव दर वर्षी आहे. भिशी किती भरली, धान्य किती दिलं, सगळं आहे. बाजरीचं पीठ दोन पायली, असं लिहिलंय. ते कुणाच्या हातानं दळलं हे लिहायची रीत नव्हती. एका ठिकाणी मात्र आहे, "पखवाजी यांची मंडळी यांजकडून चटणी". एवढंच. लिहिणाऱ्याला नावं ठेवत नाही आम्ही. त्या काळी घराघरात तसंच बोलत.

आता जे सांगायचंय ते सांगतो. हे सांगावं की नाही यावर दोन रात्रींतली एक रात्र गेली.

बहात्तरच्या दुष्काळात तात्या आणि बाई दोघंही रस्त्याच्या कामावर खडी फोडायला होते. सुकडी खाल्लेली, लाल मिलोच्या भाकरी खाल्लेली माणसं इथं बसली आहेत, त्यांना जास्त सांगायला नको. 1973 च्या ज्येष्ठापर्यंत काम चालूच होतं. पाऊस नाही, पेरणी नाही, घरात दाणा नाही. तात्या म्हणाले, यंदा राहू दे, माउलींना कळतं. बाई म्हणाली, "तुमच्या वाटची खडी मी फोडते. तुमी जावा." तात्या गेले. महिनाभर बाईनं दोघांच्या वाटचा ढीग घातला.

ही गोष्ट आपल्या दिंडीत खूपदा सांगितली जाते. प्रवचनातही येते. पुस्तकासाठी जो मजकूर आमच्याकडं दाखवायला आला होता, त्यात लिहिलं होतं की माउलीनं हसतमुखानं पतीला वारीला धाडलं. लिहिणाऱ्यानं प्रेमानंच लिहिलं होतं. पण त्या महिन्यात आमचा धाकटा भाऊ आठ महिन्यांचा होता. बाई दुप्पट खडी फोडणार, मग तान्ह्या पोराला बाभळीखाली कोण सांभाळणार? अक्का चौथीत होती. तिला महिन्याभरासाठी म्हणून शाळेतून काढलं. तात्या बुक्का आणि चुरमुरे घेऊन परत आले, मग पाऊस पडला, मग पेरणी, मग भांगलण. अक्का शाळेत परत गेलीच नाही. तिचा पहिला-दुसरा नंबर असायचा, हे तिच्या बरोबरीचे आजही सांगतात.

अक्का पुढं एकदा बाईला म्हणाली होती, तिचं लग्न ठरलं त्या सुमारास. "इठ्ठलाला एक वरीस थांबता आलं नसतं व्हय?" बाई काही बोलली नाही. चूल फुंकत राहिली. आम्ही बाकीचे तिथंच होतो. आम्हीही काही बोललो नाही, कारण आमच्या सगळ्यांच्या शाळा झाल्या होत्या.

तात्या 1976 च्या कार्तिकात गेले. छातीत कळ आली आणि तालुक्याला न्यायच्या आत संपलं. पुढच्या ज्येष्ठात बाई म्हणाली, वारीला मी जाणार. गावात बोलणं झालं. बाईमाणूस एकटं, कपाळ मोकळं, घरात लहान पोरं, आणि ही कुठं निघाली? दिंडीतल्या एका वडीलधाऱ्यांनीही विचारलं, "मुक्कामाला झोपणार कुठं?" बाई म्हणाली, "चुलाणापाशी. तिथं राख गरम असती." आणि खरंच ती पहिली सगळी वारी चुलाणापाशी झोपली. पोरांना सांभाळायला घरी कोण, तर पुन्हा अक्का. पंधरा वर्षांची.

1977 ते 2012. मधलं एक वर्ष सुनेच्या बाळंतपणात चुकलं. म्हणजे 35 वाऱ्या. बायकांच्या राहुटीत पहाटे अडीचला पहिला आवाज बाईचा. पुरुष उठायच्या आत टँकरवर अंघोळी उरकायच्या, मग वळकट्या ट्रकमध्ये. दिवेघाट चढताना डोक्यावर तुळस तिचीच असायची. वाल्ह्याच्या पुढं नीरेला पादुकांचं स्नान झालं, की ती तांब्याभर पाणी वृंदावनात घालायची. पायाला फोड आले तर सुईनं दोरा ओवून तो तसाच आत ठेवायची, पाणी आपोआप झिरपून जातं. नवख्या बायका भ्यायच्या. त्यांचेही पाय मांडीवर घेऊन तीच दोरा ओवायची, आणि त्या ओरडल्या की म्हणायची, "अगं, बाळंतपणाला नाय वरडलीस, हितं वरडती?"

चांदोबाच्या लिंबाला पहिलं उभं रिंगण. अश्व धावून गेला की टापांखालची माती सगळेच कपाळाला लावतात. बाई चिमूटभर पदराच्या गाठीत बांधायची आणि घरी आणून बियाण्याच्या मडक्यात टाकायची. आमच्यातल्या एका नातवानं कृषी महाविद्यालयात शिकताना तिला विचारलं, बाई, यानं उगवण वाढते का? ती म्हणाली, "तुझ्या पुड्यांनी तरी कुठं दर साली वाढती?" त्याला अजून उत्तर सापडलेलं नाही.

पंढरीत तिला पायावरचं दर्शन फार कमी वेळा मिळालं. रांग दीड-दोन दिवसांची, आणि इकडं दिंडीच्या भाकरी थांबलेल्या. चंद्रभागेत बुडी, नामदेव पायरीला डोकं, कळसाला हात जोडून माघारी काटवटीपाशी. तिला त्याचं वाईट वाटत असेल असं आम्हाला वाटायचं. एकदा नातीनं विचारलं तर म्हणाली, "त्यो इटंवर उभा हाय, आपुन उन्हात उभं. दोघं बी उभंच."

तिचं स्वतःचं नाव वहीत पहिल्यांदा आलं ते 1991 साली. तोवर "कै. पखवाजी यांचे घरून" असं असायचं. त्या वर्षी वही एका नव्या पोराकडं आली होती, तो आज इथं बसलाय, केस पांढरे झालेत त्याचे. त्यानं विचारलं, बाई, तुमचं नाव काय? बाई लाजली म्हणे. शेजारणीनं सांगितलं तेव्हा लिहिलं. ते पान आम्ही पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

अक्काची थोरली मुलगी शिकावी म्हणून बाईनं एक म्हैस वेगळी धरली होती. तिचं दूध डेअरीला, आणि त्या दुधाचे पैसे घरखर्चाला लावायचे नाहीत. कधी कुणाला कारण सांगितलं नाही. आम्ही भावांनी एकदा कुरकुर केली, की आमच्या पोरांना का नाही? तेव्हा एवढंच म्हणाली, "ती म्हस तुमची न्हाई." ती नात शिकून नर्स झाली, पुण्यात असते. पालखी पुण्यात दोन दिवस मुक्कामाला असते, तेव्हा बाई तिच्याकडं जायची, पण रात्री राहायची नाही, दिंडीत परत यायची. 2012 साली नातीनं गुडघे तपासले, रक्तदाब पाहिला आणि म्हणाली, बाई, पंढरीपर्यंत जा, पण आता ही शेवटची. आमचं कुणाचं ऐकलं नसतं. तिचं ऐकलं.

त्यानंतर बाई वट्यावर असायची. संध्याकाळी दिवा लागला की पोरांना घेऊन हरिपाठ. पाठ नसलेल्याला टाळ मिळायचा नाही, नुसत्या टाळ्या. 2020 साली वारी बंद राहिली, पादुका एसटीनं पंढरीला गेल्या. ते टीव्हीवर बघून तिनं विचारलं, "गाडीपुढं सडा टाकला का न्हाई?"

त्याच पावसाळ्यात एका दुपारी अक्का माहेरी आली होती. बाई अंथरुणाला खिळली नव्हती, पण उठबस कमी झाली होती. अक्का तिचे केस विंचरत होती. बाई आपण होऊन बोलली. आमच्यातल्या दोघी सुना दारात होत्या, त्यांनी ऐकलं. ती म्हणाली, "तात्या गेल्यावर मी वारीला गेले ना, ती काय देवासाठी न्हाई गेले. घरात तुमी पाच तोंडं. रडायला जागा न्हवती. दिवेघाटात टाळ वाजत हुते, कुणाचं कुणाला ऐकू येत न्हवतं. तितं मी रडले. घाट सरंपातूर रडले. दुसऱ्या साली मग देवासाठी गेले." थोडं थांबून म्हणाली, "तुझी शाळा मात्र माझ्या पदरात ऱ्हायली. त्यो हिशेब त्यानं बी न्हाई मिटवला आन् मला बी जमला न्हाई."

अक्का काय म्हणाली ते सुनांना ऐकू आलं नाही. फणी फिरत होती, एवढं दिसलं.

बाई त्याच्या पुढच्या पौषात गेली. वारी पुन्हा पायी सुरू झाली ती 2022 ला, तिला पाहायला मिळाली नाही. तिचं वृंदावन त्या वर्षी धाकट्या सुनेनं डोक्यावर घेतलं.

कारभारी मंडळींना आमची एक विनंती आहे. पुस्तकात त्र्याहत्तर सालची गोष्ट छापाल तेव्हा "हसतमुखानं" हा शब्द काढा, आणि त्या महिन्यात तान्हं पोर कुणी सांभाळलं तेही एका ओळीत लिहा. अक्का आज समोर बसली आहे. आम्ही हे बोलणार आहोत हे तिला सांगितलं होतं. ती म्हणाली, "बोला, पर मला उभं करू नगा." म्हणून करत नाही.

यंदा तरी चल, असं आम्ही तिला दर वर्षी म्हणतो. ती वारीला येत नाही. यंदाही येणार नाही म्हणाली. पण बाई गेल्यापासून दिंडीला दोन पायली बाजरीचं पीठ तिच्या घरून येतं. वहीत ते आमच्या नावावर पडतंय, ते तिच्या नावावर करून घ्यावं. रविवारी दळून तयार होईल. ट्रक वेशीत लागणार की देवळामागं, तेवढं आज सांगून ठेवा, म्हणजे पोती तिथंच उतरवता येतील.

रामकृष्णहरी.