रागाचा निरोप, दुःखाचे मौन



ग्राहक म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे शहरातला, दुकानाच्या काचेपुढे उभा असलेला मनुष्य येतो. नांदेड-लातूरकडे जूनमध्ये बियाण्याच्या पिशवीसाठी रांग धरणारा शेतकरी हाही ग्राहकच, हे सहसा ध्यानात येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने 2012 साली राष्ट्रीय बीज निगमाच्या खटल्यात ते स्पष्ट केले, ही गोष्ट वेगळी.

2020 चा खरीप आठवा. मराठवाड्यात पुष्कळ ठिकाणी पेरलेले सोयाबीन उगवलेच नाही. तक्रारी इतक्या वाढल्या की, उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने आपण होऊन दखल घेतली. इकडे मोबाईलवर मोकळ्या तासांची चित्रे फिरत होती आणि त्यांच्याबरोबर एक शब्द: बोगस. मीही असा एक निरोप पुरता न पाहताच पुढे ढकलला होता, हे कबूल करतो.

असे का होते? बर्जर आणि मिल्कमन या दोन अमेरिकन अभ्यासकांनी एका वृत्तपत्राचे सुमारे 7,000 लेख तपासून 2012 साली दाखविले की, राग, धास्ती, विस्मय जागविणारा मजकूर लोक अधिक धाडतात. नुसता खिन्न करणारा तितका धाडीत नाहीत. आपल्याला हे पडताळायला फार दूर जायला नको. संतापलेला शेतकरी मोबाईल उघडतो. उसनवारी करून दुबार पेरणी करणारा मात्र पारावरसुद्धा बोलत नाही. लोक म्हणतील, यालाच पेरता येत नाही! आणि ज्याचे रान भरून उगवले, तोही गप्पच. शेजाऱ्याचे शेत उघडे पडले असता आपली हिरवळ कोण मिरवील? म्हणजे मोबाईलवर दिसते ते गावातल्या एकाच मनःस्थितीचे चित्र.

शिवाय त्या एका शब्दात अनेक कारणे गडप होतात. सोयाबीनचे टरफल नाजूक; मळणीत, पोती आपटण्यात दाणा दुखावतो. 2019 च्या ऑक्टोबरातील पावसाने काढणीचे पीक भिजले होते. कोठे ओल पुरेशी नसता पेरणी झाली, कोठे बी फार खोल गेले. आणि कोठे बियाणे खरोखरच खराब होते. यातले आपले कोणते, हे ठरविण्यासाठी तालुक्याच्या तक्रार समितीपुढे पावती, पिशवी, तिच्यावरचा टॅग आणि लॉट नंबर लागतो. रागाच्या निरोपात नेमका तोच नसतो. पिशवी तर कधीच बांधावर फेकलेली असते!

प्रमाणित सोयाबीनची उगवण निदान 70 टक्के असावी, असा दंडक आहे. घरी ओल्या गोणपाटात 100 दाणे गुंडाळून ठेवले, तर आठवड्याभरात मोड मोजता येतात. मे महिन्यात अनेकजण ते मोजतातही. पण ती मोजदाद कोणी कोणाला धाडीत नाही. 80 मोड पाहून कोणाचे रक्त तापणार?