परगांवाहून घरच्या कपाटापर्यंत

जालना शहर कुंडलिकेच्या दोन्ही कांठांवर वसलेलें आहे. एका बाजूस जुना जालना, दुसऱ्या बाजूस कादराबाद. जुन्या काळीं गांवाला तट असे, वेशी असत. मूर्तिवेशीचें नांव तर अजून येथील लोकांच्या तोंडीं आहे. बियाण्यांच्या आणि लोखंडाच्या व्यापारानें नांवारूपास आलेल्या ह्या शहरांतील कांहीं घरांपुढें आज वेशीचाच प्रश्न निराळ्या रूपानें उभा राहतो. घरचीं माणसें बाहेर आहेत, घरांतील ठेव त्यांना बाहेरून हवी आहे; ती मिळावी, पण वेस मात्र उघडी राहूं नये.

असें एक घर कल्पावें. थोरला मुलगा पुण्यास नोकरीवर, मुलगी जर्मनींत, आईवडील जालन्यास. माजघराच्या कोपऱ्यांत पुस्तकाएवढें एक यंत्र अहोरात्र चालूं आहे. त्यांत लग्नामुंजींचीं छायाचित्रें आहेत, शेताच्या सातबाऱ्याच्या प्रती आहेत, आजीच्या आवाजांत उतरवून घेतलेल्या ओव्या आहेत. इम्मिच, नेक्स्टक्लाउड, जेलीफिन असे विनामूल्य प्रोग्राम हीं कामें चोख करतात. परक्या कंपनीला महिन्याचें भाडें द्यावें लागत नाहीं, आणि तिनें उद्यां नियम बदलले म्हणून कांहीं बिघडत नाहीं. घरांत बसून सारें दिसतें. पुण्याहून मात्र कांहींच दिसत नाहीं.

ह्यावर पुष्कळ लोक सोपा उपाय योजतात. राउटरमध्यें एक पोर्ट उघडें करतात. म्हणजे सर्व जगाकडे तोंड करून भिंतीला एक नवें दार पाडतात. हें दार शोधणारा कोणी पत्ता विचारीत येत नाहीं. जगांतील पत्ते क्रमाक्रमानें ठोठावून पाहणारीं यंत्रें रात्रंदिवस फिरत असतात. जानेवारी २०२२ मध्यें डेडबोल्ट नांवाच्या खंडणीखोर प्रोग्रामनें, इंटरनेटवर उघड्या राहिलेल्या क्यूनॅप बनावटीच्या साठवणयंत्रांत शिरून, लोकांच्या फायलींना कुलूप घातलें आणि किल्लीसाठीं प्रत्येकाकडे ०.०३ बिटकॉइनची मागणी केली. त्या गृहस्थांचे पासवर्ड कच्चे होते असें नव्हे. यंत्राच्या प्रोग्रामांतच भोंक होतें. आजीच्या ओव्या अशा कुलुपांत अडकल्या तर पुन्हा गाऊन घेण्यास आजी कोठून आणावयाची?

व्हीपीएन, म्हणजे खासगी आभासी जाळें, हा दुसरा मार्ग. जाहिरातींतून विकलें जाणारें व्हीपीएन निराळें. तें वापरणाऱ्याचा ठावठिकाणा झांकण्यासाठीं असतें. एप्रिल २०२२ मध्यें सर्ट-इन ह्या केंद्रीय संस्थेनें ग्राहकांची माहिती पांच वर्षें जपून ठेवण्याचा जो आदेश काढला, तो अशी सेवा पुरविणाऱ्यांसाठीं आहे. येथें प्रश्न आहे तो स्वतःच्या घरापुरत्या वाटेचा.

जेसन डोनेनफेल्ड ह्यांनीं रचलेला वायरगार्ड हा ह्या कामीं विशेष उपयुक्त ठरला आहे. मार्च २०२० मध्यें लिनक्सच्या ५.६ ह्या आवृत्तींत त्याचा समावेश झाला. त्याचा मूळ प्रोग्राम सुमारें चार हजार ओळींचा, म्हणजे जाणत्यानें बसून तपासावा इतका आटोपशीर. त्याच्या रचनेंत प्रत्येक फोनला वा संगणकाला दोन किल्ल्या असतात: एक खासगी, ती त्या यंत्राबाहेर कधींच जात नाहीं; दुसरी इतरांना द्यावयाची. घरच्या यंत्राजवळ ओळखीच्या किल्ल्यांची यादी असते. यादीबाहेरच्या कोणी कडी वाजविली, तर आंतून ‘कोण आहे?’ असेंही विचारलें जात नाहीं. घर तेथें आहे हेंच त्याला कळत नाहीं. ओळखीच्याला मात्र जर्मनींतूनही माजघरांत बसल्यासारखें वावरतां येतें.

परंतु जालन्यासारख्या गांवीं येथेंच एक अडचण उभी राहते, आणि नवशिके बहुधा तेथेंच थकतात. जुन्या पद्धतीचे आयपी पत्ते सुमारें ४२९ कोटीच. त्यांच्या जागतिक कोठारांतील शेवटचे गट्ठे ३ फेब्रुवारी २०११ रोजीं वांटून संपले. तेव्हां अनेक इंटरनेट कंपन्या चाळीला एकच टपालपेटी असावी तशीं अनेक घरें एका पत्त्यावर बसवितात. बाहेरून आलेला निरोप कोणत्या खोलीचा, हें पेटीला ठाऊक नसतें. राउटरमध्यें दिसणारा बाहेरच्या बाजूचा पत्ता १००.६४ ते १००.१२७ ह्या आंकड्यांनीं सुरू होत असेल, तर घर अशा चाळींत आहे असें खुशाल समजावें. एप्रिल २०१२ मध्यें हे आंकडे ह्याच कामासाठीं राखून ठेवण्यांत आले.

अशा वेळीं घरच्या यंत्रानेंच बाहेर पडून भेटीच्या ठिकाणीं जावें लागतें. मुंबईस भाड्यानें घेतलेला एखादा लहान सर्व्हर हें तें ठिकाण. दर २५ सेकंदांनीं एक बारीकशी खूण पाठवून जोडणी जागी ठेवतां येते. मात्र नेहमीच्या मांडणींत हा सर्व्हर टपालाचा थैला उघडतो, आणि पुन्हा सील लावून पुढें धाडतो. म्हणून तो विश्वासाच्या ठिकाणींच घ्यावा. टेलस्केलसारख्या सेवेंत मधला केवळ ओळख करून देतो आणि थैला सीलबंदच राहतो. पण ओळख करून देणारा उद्यां तिऱ्हाइतालाही घरचा म्हणून पुढें करूं शकेल, हा विचार आहेच. ज्यांना तो खटकतो ते हेडस्केल हा प्रोग्राम स्वतः चालवितात.

वाट बांधून झाली कीं फोनचा वायफाय बंद करून ती तपासावी. घरच्याच वायफायवर तपासली तर ती नेहमीच उत्तम दिसते! फोन हरवला तर त्याच दिवशीं त्याची किल्ली यादींतून काढावी. वीज गेली तर यंत्राबरोबर राउटरही इन्व्हर्टरवर हवा. सर्व ठेवीची दुसरी प्रत निराळ्या घरीं असावी. वाट कितीही सुरक्षित असली तरी ती जळलेली चकती परत देत नाहीं.

आणि हें सारें जाणणारा घरांत बहुधा एकच असतो. त्यानें एका कागदावर यंत्र कसें बंद करावें, कसें चालूं करावें, मूळ पासवर्ड कोणता, दुसरी प्रत कोणाकडे आहे, हें मराठींत, ठळक अक्षरांत लिहावें, आणि तो कागद जमिनीच्या कागदपत्रांबरोबर कपाटांत ठेवून आईला दाखवावा.