दुपारची दोन ते चार



वडील गेले आणि सातवीनंतर माझी शाळा सुटली. यंदा दहावीच्या सतरा नंबरच्या अर्जाची चौकशी करायला शाळेच्या कचेरीत गेले. कारकुनाने विचारले, "मुलीसाठी का?" मी खुशाल "हो" म्हणून परत आले. रात्री झोप लागेना.

तेव्हा पार्वतीबाई आठवले यांची 'माझी कहाणी' पुन्हा हाती घेतली. विसाव्या वर्षी वैधव्य, पदरी मूल. अभ्यास सुरू झाला तो त्यानंतर. हिंगण्याच्या आश्रमासाठी गावोगाव फिरून त्यांनी वर्गणी जमवली. इंग्रजी मात्र येईना. म्हणून १९१८ साली, पन्नाशीच्या उंबरठ्यावर, बाई अमेरिकेस गेल्या! तेथे परक्यांच्या घरी घरकाम करून राहिल्या. आणि मला आपल्याच गावातल्या कारकुनाची लाज!

दुसऱ्या दिवशी पुन्हा गेले. "अर्ज माझ्यासाठीच हवा," म्हटले. त्याने नुसती मान हलवली; मीच उगाच घाबरले होते.

बीजगणित अजून डोक्यात शिरत नाही. धाकटी शिकवते, रागावतेसुद्धा. तेव्हा शेजारणींनो, एवढी कृपा करा, मार्चपर्यंत दुपारी दोन ते चार माझी कडी वाजवू नका. विरजण हवे असेल तर सकाळीच न्या.