पिलं जगवा, कोंबडी राखा, दावा लढा
(घुग्घुसच्या सभेत झालेलं भाषण. ज्यांना येता आलं नाही त्यांच्यासाठी छापत आहोत. गावात वाचून दाखवावं.)



आज दाव्यांवर बोलायचं ठरलं होतं. आणि आम्ही उभे राहिलो कोंबडीच्या पिलांवर बोलायला. मागं बसलेली पोरं हसली. हसू द्या. पण एक विचारतो. मागच्या वेळी तालुक्याला दाव्याचे कागद घेऊन गेलो, तेव्हा एस.टी.चं भाडं कुठून आलं? झेरॉक्सचे पैसे कुठून आले? बायांना माहीत आहे. कोंबड्या विकून आले. तेंदूपत्त्याचा पैसा दिवाळीपर्यंत पुरत नाही, धानाचा पैसा सावकाराकडे जातो. घरच्या बाईच्या हातात जो पैसा राहतो तो कोंबडीचा. म्हणून कोंबडी मेली की लढाईचा खिसा फाटतो.

आमच्या घरी मागच्या उन्हाळ्यात दोन कोंबड्या बसवल्या होत्या. एकवीस दिवसांनी बावीस पिलं निघाली. महिन्याभरानं मोजली तर पाच. काही घारीनं नेली, काही पाण्याच्या गंजात बुडाली, काही थंडावली, उरलेली मानमोडीनं गेली. आई म्हणाली, नशीब. आम्ही विचार केला, सतरा पिलांचं नशीब एकदम कसं फुटेल? हे नशीब नाही, आपली चूक आहे. मग जुन्या बायांना विचारलं, गुरांच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांना विचारलं. जे समजलं ते सांगतो.

पिलू अंड्यातून निघालं की लगेच दाणे टाकायची घाई करू नका. अंड्यातला पिवळा बलक त्याच्या पोटात गेलेला असतो, त्यावर ते दीड-दोन दिवस राहू शकतं. सगळी पिलं निघून सुकेपर्यंत कोंबडीला उठवू नका. मग रिकामी टरफलं आणि वाया गेलेली अंडी काढून टाका.

पहिलं पाणी द्या, दाणा नंतर. पाणी उकळून कोमट करा, त्यात गुळाचा लहान खडा टाका. उथळ परळात द्या आणि परळात चार धुतलेले गोटे ठेवा, म्हणजे पिलू बुडत नाही. पाणी रोज बदला. घाण पाण्यानं जितकी पिलं मरतात तितकी भुकेनं मरत नाहीत.

खायला कणकी द्या. मोठी असेल तर कुटून बारीक करा. ज्वारीचा भरडाही चालतो. एकदम पसाभर टाकू नका, थोडं थोडं, दिवसातून चार-पाच वेळा. आठवड्यानंतर शेवग्याचा पाला बारीक चिरून द्या. उधई तर पिलांचं दूधच आहे. फुटक्या मडक्यात ओलं शेण आणि तणस भरा, संध्याकाळी वारुळाजवळ उपडं ठेवा, सकाळी झटका. पण अगदी लहान पिलाला थोडीच द्या, पोट तुंबतं.

पिलांचा दाणा कोंबडीच खाऊन टाकते, ही सगळ्या घरांची तक्रार. उपाय सोपा. डालगं उपडं करा, खाली चार दगड लावा. पिलू खालून आत जातं, कोंबडी जात नाही. दाणा आत ठेवा.

पहिले तीन आठवडे पिलांना मोकळं सोडू नका. घार, कावळा, मुंगूस, रानमांजर, सगळे वाटच बघत असतात. रात्री खाली कोरडा भुसा अंथरा, त्यावर थोडी चुलीतली राख. ओल दिसली की भुसा बदला. पिलं एकमेकांवर चढून बसली तर त्यांना थंडी वाजते. चोच उघडून लांब पांगली तर उकडतं. आरामात इकडंतिकडं पसरलेली असली तर बरं आहे असं समजा.

आता मोठी गोष्ट. मानमोडी. डॉक्टर तिला राणीखेत म्हणतात. एकदा लागली की औषध नाही. लागण्याआधी लस आहे. पाच ते सात दिवसांच्या पिलाच्या डोळ्यात एक थेंब. दोन महिन्यांची झाली की दुसरी लस, ती सुईनं. पण ही लस बर्फात ठेवावी लागते, आणि कालवली की दोन तासांत संपवावी लागते. एका बाटलीत शंभर पिलांची लस असते. आपल्या एका घरी दहा पिलं. दहा पिलांसाठी बर्फ घेऊन कोण येणार? म्हणून एकटं घर काही करू शकत नाही, गाव करू शकतं. कोंबड्या एकाच वेळी बसवा, पिलं एकाच आठवड्यात निघतील. दवाखान्यात जाऊन दिवस ठरवा, सकाळी गारव्यात सगळं गाव पिलं घेऊन एका अंगणात या. बाजारातून आणलेली कोंबडी पंधरा दिवस वेगळी ठेवा.

2006 साली नंदुरबार जिल्ह्यात नवापूरला बर्ड फ्लू आला, पुढं जळगावच्या गावांत पोचला. पोल्ट्रीवाल्यांच्या कोंबड्यांबरोबर गावातल्या, अंगणातल्या कोंबड्याही माराव्या लागल्या. म्हणून एकाएकी खूप कोंबड्या मेल्या तर झाकू नका. मेलेली खाऊ नका, नाल्यात टाकू नका, चुन्यासोबत खोल पुरा आणि दवाखान्यात कळवा.

आता दाव्यावर येतो. आपल्या पेनापुढं कोंबडीनं तांदूळ टिपले तर देवानं मान्य केलं असं आपण समजतो. कोंबडी देवासाठी आहे, पाहुण्यासाठी आहे, पोरांसाठी आहे. ती फाईल पुढं सरकवण्यासाठी नाही. दाव्याचा फॉर्म फुकट मिळाला पाहिजे, दावा घेतल्याची पोच लिहून मिळाली पाहिजे, हे नियमातच आहे. कुणी म्हटलं, एखादी कोंबडी आण, मग बघू, तर सांगा, ग्रामसभेत येऊन माग. सगळ्यांसमोर कोण मागतो ते बघू.

आणि इथं घुग्घुसला खाणीवर, कारखान्यावर मजुरी करणाऱ्या आपल्या भावा-बहिणींना विचारा. ज्यांची जमीन गेली, त्यांचं अंगणही गेलं. खोलीत कोंबडी बसत नाही. कोळशाच्या धुळीत पिलू काय टिपेल? जमीन म्हणजे फक्त धानाचं बांधी नाही. उधईचं वारूळ, शेवग्याचं झाड, डालगं ठेवायची जागा, ही सगळी जमीन आहे. दाव्याच्या नकाशात घर दाखवता तेव्हा अंगणही दाखवा, जुनी विहीर दाखवा, म्हाताऱ्यांचं म्हणणं लिहून घ्या.

पुढच्या सभेला येताना प्रत्येक गावानं दोन आकडे आणायचे. पिलं किती निघाली आणि महिन्यानं किती राहिली. आम्ही आमचेही आणू. या वेळी पाचापेक्षा जास्त असले पाहिजेत.

जोहार!